जर्मनीच्या नावाखाली माझे १,४७,५०० रुपये गेले, पीएचडीवाल्यांनी तरी वाचा

दोन महिने लिहू का नको करत होते. लाज वाटते हो, पीएचडी झालेली बाई, पोरांना शिकवते आणि अशी फसते. पण परवा आमच्याच स्टाफरूममधल्या एकीने विचारलं, "अगं ते एफसी रोडच्या मागचं ऑफिस कसं आहे, जर्मनीसाठी डिग्री मान्य करून देतात म्हणे." पोटात खड्डाच पडला.

मी बॉटनीत पीएचडी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, २०१७. सेट (प्राध्यापकीसाठीची राज्याची पात्रता परीक्षा) पण आहे. तरी आठ वर्षं सीएचबीवर, म्हणजे क्लॉक अवर बेसिसवर. ज्यांनी सीएचबी केलंय त्यांना सांगायला नको, तासांवर पैसे, सुट्टीत काहीच नाही, दरवर्षी पुन्हा तोच इंटरव्ह्यू. त्यामुळे हाव सुटली म्हणून फसली असं कोणी म्हणू नका. जर्मनीतल्या एका युनिव्हर्सिटीत पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या संशोधनाची) जागा होती, त्यात परदेशी डिग्री समतुल्य असल्याचा कागद मागितला होता. दोन कॉलेजांत तास घेऊन, वर मुलाचा अभ्यास घेऊन मी जर्मन वेबसाइट कधी वाचायच्या? कोणीतरी माहीतगार करून देईल तर देऊया पैसे, एवढाच विचार.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिल्यांदा गेले. आता जे सांगते ते नीट वाचा, कारण मला तिथेच कळायला हवं होतं. त्या माणसाने लॅपटॉप माझ्याकडे वळवला, अनाबिन उघडलं (जर्मन सरकारी डेटाबेस, जगभरातली विद्यापीठं असतात त्यात), आपलं विद्यापीठ शोधलं आणि नावापुढे एच प्लस दिसलं. त्यावर बोट ठेवून म्हणतो, "मॅडम, हे स्टेटस मिळालं की निम्मं काम झालं. ते आम्ही करून देतो." आणि मी मान डोलावली! अहो, ते तिथे आधीच होतं. माझ्या डोळ्यांसमोर होतं. एच प्लस म्हणजे ती संस्था जर्मनीत मान्य आहे, ते विद्यापीठाचं असतं, माणसाला मिळवून द्यायची गोष्टच नाहीये ती. आणि अनाबिन फुकट आहे, घरी मोबाईलवर उघडतं. जी गोष्ट स्क्रीनवर दिसत होती तिच्यासाठी मी त्याच संध्याकाळी ४५,००० यूपीआयने दिले, तेही कंपनीच्या नाही, कोणा बाईच्या पर्सनल खात्यावर. विचारलं तर म्हणे अकाउंट्सच्या मॅडम आहेत.

मग डिसेंबरमध्ये अपोस्टिलचे (कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर मारतात तो सरकारी शिक्का) ३८,५००. परराष्ट्र खात्याची अपोस्टिलची फी दर कागदाला ५० रुपये आहे, वर एजन्सीचे सर्व्हिस चार्जेस, माझे कागद होते पाच. त्याहून चीड येणारी गोष्ट म्हणजे भारत २००५ पासून अपोस्टिल करारात असला तरी जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत नोंदवलेली आहे, म्हणजे तो शिक्का जर्मनीसाठी कामाचाच नाही. हे मला नंतर कळलं. जानेवारीत "बोर्ड इव्हॅल्युएशन फी" म्हणून ६४,०००, ते आईने तिची एफडी मोडून दिले. आईला अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये पीडीएफ आली. वर गरुड, खाली गोल शिक्का, "जर्मन हायर एज्युकेशन बोर्ड". असं बोर्डच नाही. हे काम झेडएबी करतं, तिथल्या राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेचं ऑफिस आहे ते. आणि माझ्या विद्यापीठाचं नाव काय तर "युनिव्हर्सिटी ऑफ पूना"! २०१४ पासून नाव सावित्रीबाई फुले आहे, माझ्या सर्टिफिकेटवर ठळक छापलंय. तरी मी तो कागद जर्मनीतल्या त्या जागेच्या प्रोफेसरांना पाठवला. दोन ओळींचं उत्तर आलं, हा कागद आम्ही ओळखत नाही, झेडएबीचा पाठवा. तोपर्यंत जागेची मुदत गेली. आणि हे ऑफिसवाले म्हणतात अजून ७०,००० डिपॉझिट भरा, मग "फायनल" कॉपी येईल.

तक्रारीचं तर विचारूच नका. चौकीत पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्तात. तिसऱ्या दिवशी भेटले तर म्हणाले, "मॅडम, पावती दिलीये ना त्यांनी? मग हे सिव्हिल मॅटर." पावतीवर फक्त कन्सल्टन्सी चार्जेस लिहिलंय, तेच त्यांना पुरलं. खोटा शिक्का मारलेला कागद समोर ठेवला, चारशेवीसच्या जागी आता जे ३१८ कलम आलंय ते पण सांगितलं, तर मलाच ऐकवलं की एवढं शिकलेल्या आहात तर आधी चौकशी करायची ना. म्हणजे शिकलेल्या माणसाला फसवलं तर गुन्हा होत नाही का? तिथून मला सायबरला पाठवलं, सायबरवाले म्हणे तुम्ही ऑफिसात जाऊन स्वतः पैसे दिलेत, हे आमच्याकडे येत नाही. बँकेत गेले तर आधी एफआयआर आणा. चौकी म्हणते बँकेचं लेटर आणा. सीएचबीवाल्याची एक चक्कर म्हणजे एका तासाचे पैसे बुडाले, हे कोणाच्या गावीही नाही. लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका, मला पोच मिळायला चौथी चक्कर लागली.

ऑनलाइन पैसे गेलेत असं वाटलं की त्याच क्षणी १९३० ला फोन करा, माझ्यासारखं अडीच महिने थांबू नका. ग्राहक म्हणून तक्रार करायची तर १९१५ आहे. बाहेर नोकरी लावून देतो म्हणणारा एजंट परराष्ट्र खात्याकडे नोंदलेला लागतो, यादी ई-मायग्रेट वर दिसते, हा नव्हता.

झेडएबीचा अर्ज शेवटी मी स्वतः भरला. एका रविवारी, घरी बसून, स्कॅन अपलोड करून. फी दोनशे युरोच्या आसपास, थेट त्यांनाच भरायची, मध्ये कोणी लागत नाही. आणि युनिव्हर्सिटीची नोकरी जर्मनीत डॉक्टर किंवा नर्ससारखी लायसन्सची नाही, त्यामुळे आधी त्या प्रोफेसरांना किंवा तिथल्या एचआरला साधं विचारा की नक्की कुठला कागद हवाय. बरेचदा अनाबिनची प्रिंटच पुरते. हा एक मेल मी नोव्हेंबरात केला असता तर.

स्टाफरूममधल्या तिने अजून पैसे भरलेले नाहीत. पण तिच्या ओळखीच्या दोघींनी भरलेत, एकीचे ४५,००० आणि दुसरीचे ८३,५००, तेच खातं, तीच बाई. सोमवारी आम्ही तिघी एकत्र चौकीत जातोय. त्या ऑफिसची पावती अजून कोणाकडे असेल तर फेकू नका, सांगा, चौथी म्हणून या.