डॅशबोर्डवरचा दिवा विझेना: आधी वायरमन की आधी स्कॅनर?

गाडी चालतेय झकास, पण समोर एक दिवा पेटलाय तो पेटलाच. सांगलीत अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो, शंभर फुटी रस्त्याला जा, गाड्यांच्या एखाद्या वायरमनला दाखव, दहा मिनिटांचं काम. दुसरा म्हणतो, हात लावू देऊ नकोस कुणाला, शोरूमला नेऊन गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लाव. दोघांचंही खरं असतं, पण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळा दिवा असतो.

ऑइलचा लाल दिवा असेल तर हा वाद नंतर. आधी इंजिन बंद करा आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघा. ऑइल बरोबर असेल तर मग सर्किटकडे वळायचं.

जुन्या गाड्यांत ऑइल स्विचपासून एकच वायर थेट डॅशबोर्डच्या मीटरपर्यंत जाते. ऑइलचं प्रेशर नसलं की स्विच ती वायर बॉडीला जोडतो, म्हणजे अर्थ करतो, आणि दिवा लागतो. माझ्या जुन्या हॅचबॅकचा हा दिवा विझेना, तेव्हा एका सर्व्हिस सेंटरने अख्खं मीटर बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं. मिरज रोडच्या वायरमनने काय केलं? चावी ऑन, इंजिन बंद, आणि स्विचची वायर काढली. दिवा जायला हवा होता, तो गेला नाही. म्हणजे स्विच निर्दोष, वायरच वाटेत कुठेतरी बॉडीला टेकतेय. इंजिनच्या ब्रॅकेटला घासून तिचं प्लास्टिक सोललं होतं. टेप, वर स्लीव्ह, झालं काम. वायर काढल्यावर दिवा विझला असता तर मात्र दोन शक्यता उरल्या असत्या: स्विच खराब, नाहीतर प्रेशर खरंच कमी. तिथे स्विच काढून त्याच भोकात प्रेशर गेज लावून बघणारा माणूस हवा, ‘नवा स्विच टाकून बघू’ म्हणणारा नको.

हँडब्रेकच्या दिव्याचंही असंच. बऱ्याच गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही तोच दिवा लागतो, त्यामुळे हँडब्रेकचा स्विच बदलण्याआधी ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण उघडा. पातळी खाली गेली असेल तर बहुतेक वेळा पॅड झिजलेले असतात. गळतीही असू शकते, तीही बघून घ्या.

पिवळ्या चेक लाईटला (इंजिनच्या चित्राचा दिवा) मात्र टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरला लावून बघायचा छोटा बल्ब, घेऊन भिडणं म्हणजे अंधारात सुई शोधणं. आपल्याकडे २०१३ नंतरच्या कारमध्ये स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, तिथे स्कॅनर लागतो. पण स्कॅनर सर्किट सांगतो, पार्ट नाही, आणि इथेच पैसे जातात. समजा, कूलंट टेम्परेचर सेन्सरचा पी ०११७ कोड आला. अर्थ एवढाच, की त्या सर्किटमध्ये व्होल्टेज फार कमी आहे. सेन्सरचा कप्लर, म्हणजे वायर जोडणारा प्लग, काढा. स्क्रीनवर तापमान उणे ४० झालं तर वायरिंग ठीक आहे, सेन्सर गेला. काहीच बदललं नाही तर वायर कुठेतरी अर्थ होतेय, नवा सेन्सर टाकून उपयोग नाही. कोड आला की लगेच सेन्सरची किंमत सांगणाऱ्याला विचारा, कप्लर काढून बघितला का?

हत्यारांचंही तेच. टेस्ट लॅम्प करंट ओढतो, म्हणून गंजलेल्या वायरवर तो मंद लागतो आणि दोष उघडा पडतो. तिथेच मल्टीमीटर लोड नसताना आरामात १२ व्होल्ट दाखवतो आणि फसवतो. पण तोच लॅम्प ईसीयूच्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या, वायरला लावला तर सर्किट जळू शकतं. तिथे मल्टीमीटरच हवा.

सांगलीत जुनी गाडी घेणाऱ्याने हा भाग जास्त लक्ष देऊन वाचावा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात इथल्या पुष्कळ गाड्या पाण्यात होत्या. धुऊन, पॉलिश करून गाडी चकचकीत होते, पण कप्लरच्या आत हिरवा गंज तसाच राहतो. अशा गाड्यांचे दिवे कधी लागतात, कधी विझतात. स्कॅनरला ते अर्धवट सापडतात, शेवटी एकेक कप्लर उघडणारा वायरमनच लागतो. आणि चावी ऑन केल्यावर दिवे मोजा. ऑइल, बॅटरी, चेक, एबीएस, एअरबॅग, जे जे गाडीत आहेत ते सगळे क्षणभर तरी लागलेच पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर बल्ब गेला असेल, किंवा कुणीतरी मुद्दाम काढला असेल.

स्वतःचा ब्लूटूथ डोंगल, म्हणजे मोबाईलला जोडायचा छोटा स्कॅनर, घ्यावा का? हजाराच्या आत मिळतो, घ्या. पण स्वस्त डोंगल बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतो, एबीएस आणि एअरबॅगचे नाही.

एअरबॅगच्या दिव्याला घरी किंवा रस्त्यावर कुणालाही हात लावू देऊ नका. पिवळे कप्लर मल्टीमीटरने तपासायला गेलं तर बॅग उघडू शकते. तो दिवा असेल तर सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला.

बाकीच्यांसाठी माझा क्रम असा: चेक लाईट असेल तर आधी कोड वाचून घ्यायचा, स्क्रीनचा फोटो काढायचा, आणि तो फोटो घेऊन वायरमनकडे जायचं. कोड पुसायची घाई करू द्यायची नाही, कारण दोष आला त्या क्षणीचा वेग, तापमान, आरपीएम हेही त्याच्यासोबत पुसलं जातं.