घरच्या आरओचं पाणी माशांच्या टाकीला: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी गोव्यापुरतं एक सांगतो. घरी ओपा, अस्नोडा किंवा साळावलीचं नळाचं पाणी येत असेल तर त्यात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा) बुडवून बघा. नदी-धरणाचं पाणी मुळातच मऊ. क्लोरीन काढलं की बहुतेक गोड्या पाण्यातल्या माशांना ते पुरतं, त्यासाठी आरओ लावणं म्हणजे पाण्याची नासाडी. आरओ खरा लागतो तो किनाऱ्याकडच्या बोअरला, जिथं उन्हाळ्यात खार चढतो. हा अनुभव तसल्याच बोअरवरचा. जानेवारीत टीडीएस 380 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), मेअखेर 650.

यंत्र स्वयंपाकघरात टांगतात तेच, 80 जीपीडी (दिवसाला गॅलन) मेम्ब्रेनचं, म्हणजे क्षार गाळणाऱ्या पडद्याचं. कागदावर तासाला साडेबारा लिटर, प्रत्यक्षात दहा. म्हणजे 50 लिटरचा ड्रम भरायला पाच तास, आणि मोरीत 150 लिटर. सलग पाच तासांत पंप हात लावता येणार नाही इतका तापतो, म्हणून दोन तासांनी अर्धा तास थांबवायचा. मोरीत जाणारं पाणी बोअरपेक्षाही खारट असतं. माडाला चालतं, कुंड्यांना घालू नका.

यंत्राच्या तोटीचं पाणी मात्र माशांच्या टाकीत घालायचं नाही. मेम्ब्रेननंतर आपल्याकडच्या यंत्रांत टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. पुढे मिनरल कार्ट्रिज, आणि हल्ली तांब्याचंही. माणसाला ते चालतं, पण कोळंबी आणि गोगलगायींना तांबं थोडंसुद्धा सोसत नाही. म्हणून मेम्ब्रेनच्या शुद्ध पाण्याच्या पाव इंची नळीवर, कंट्रोलरच्या आधी, थ्री-वे व्हॉल्व्ह बसवायचा आणि तिथून नळी थेट ड्रममध्ये सोडायची.

गोची इथंच होते. यंत्राची साठवण टाकी भरलेली असेल तर तिचा फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर चालणारा) पंप चालूच होऊ देत नाही, त्यामुळे आधी दोन लिटर पाणी काढून घ्यावं लागतं. उलट, पाणी ड्रमकडे वळवल्यावर साठवण टाकी कधीच भरत नाही, म्हणून पंप आपणहून थांबतही नाही. ड्रमला नुसता बॉल-कॉक लावला तर तो बंद झाल्यावरही पंप चालूच राहतो आणि सगळं पाणी मोरीत जातं. ड्रममध्ये दुसरा फ्लोट स्विच टाकून तो यंत्राच्या स्विचशी सिरीजमध्ये जोडायचा, 24 व्होल्टच्या बाजूला. 230 व्होल्टच्या तारेला हात लावायचा नाही.

यंत्र रात्रभर बंद राहिलं की मेम्ब्रेनमधून क्षार हळूहळू शुद्ध बाजूला झिरपतात. सकाळच्या पहिल्या पाण्याचा आकडा 120 दिसतो, दहा मिनिटांत 35 वर येतो. पहिलं लिटरभर बादलीत काढून लादी पुसायला वापरा. पिण्यासाठी थोडं थोडं पाणी काढलं की यंत्र सारखं चालू-बंद होतं आणि दर वेळी हेच घडतं. ड्रम एका बैठकीत भरायचा तो याच कारणाने.

आरओच्या कोऱ्या पाण्यात माशांसाठी थोडे क्षार परत घालायचे तर त्यात थोडं बोअरचंच पाणी मिसळावं, हा सल्ला सर्रास मिळतो. खाऱ्या बोअरला तो लागू नाही. मीटर एकूण क्षार मोजतो, कोणते ते सांगत नाही. खार चढलेल्या पाण्यात मुख्यतः मीठ असतं, त्यामुळे आकडा वाढतो पण कॅल्शियम फारसं वाढत नाही. 50 लिटरला 4.6 ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), 2.2 ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) आणि 3 ग्रॅम खायचा सोडा घातला की जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कठीणपणा) 4 आणि केएच (पीएच सावरणारे कार्बोनेट) 2 मिळतं. जिप्सम सावकाश विरघळतं, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा) लावून रात्रभर ठेवा. कॅल्शियम क्लोराइड पटकन विरघळतं, पण आपल्या पावसाळी हवेत डबा उघडला की त्याला पाणी सुटतं आणि वजनाचा हिशेब चुकतो. निऑन टेट्राला एवढं प्रमाण ठीक आहे. गप्पी आणि मॉलीला याहून कठीण पाणी लागतं, त्यांच्यासाठी हा खटाटोपच करू नये.

बाष्पीभवनाने घटलेलं पाणी भरताना मात्र कोरं आरओ पाणीच घालायचं, कारण क्षार उडून जात नाहीत. इतक्या कमी क्षारांच्या पाण्यात पीएच मीटर धड स्थिर होत नाही, त्याच्यामागे लागू नका, केएच मोजा. ड्रमचं झाकण घट्ट हवं, नाहीतर आठवड्यात डासांच्या अळ्या.

जूननंतर बोअरचं पाणी लोहाने तांबूस होतं. चवथीपर्यंत टिकेल म्हणून ठेवलेलं बाहेरचं सेडिमेंट (गाळ अडवणारं) कार्ट्रिज तीन आठवड्यांत जांभ्याच्या रंगाचं झालं, आणि ड्रमची धार तासाला सहा लिटरवर आली. ते बदलल्यावर पुन्हा साडेनऊ. मेम्ब्रेन अजून मूळचंच आहे. ऑगस्टमध्ये आत 310, बाहेर 22. बाहेरचा आकडा आतल्याच्या दहा टक्क्यांवर गेला की बदलायचं.