जी-७, जी-२०, ओईसीडी की ब्रिक्स: भारताची तुलना नेमकी कोणाशी करायची?

‘जगातल्या आघाडीच्या अर्थव्यवस्थांच्या तुलनेत भारत कुठे?’ हा प्रश्न स्पर्धा परीक्षेच्या निबंधात येतो, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये येतो, बातम्यांच्या मथळ्यांत तर सारखाच येतो. उत्तर मात्र तुम्ही कोणती यादी हाताशी धरता त्यावर फिरतं. जी-७ घेतली तर भारत त्या यादीतच नाही. जी-२० घेतली तर आहे, आणि एकूण जीडीपीत चांगला वरच्या फळीत आहे. पण त्याच जी-२० मध्ये दरडोई उत्पन्न लावून बघा, सगळ्या सदस्य देशांत भारत शेवटचा येतो. म्हणून आकडे गोळा करायच्या आधी यादी ठरवा.

जी-७: निकष नसलेली बैठक

१९७३ चा तेलाचा भडका उडालेला, डॉलरशी बांधलेले स्थिर विनिमय दर कोसळलेले. अशा वेळी फ्रान्सचे अध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनी नोव्हेंबर १९७५ मध्ये पॅरिसजवळ राँबुये इथे अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, जपान आणि इटलीच्या नेत्यांना बोलावलं. पुढच्या वर्षी कॅनडा आला आणि सहाचे सात झाले. युरोपीय समुदाय १९७७ पासून सोबत बसू लागला, पण सातात त्याची गणती होत नाही. जी-७ ला सनद नाही, कायमचं सचिवालय नाही, ‘इतका जीडीपी असेल तर प्रवेश’ असा नियमही नाही.

रशियाचं उदाहरण बघा. १९९८ च्या बर्मिंगहॅम परिषदेत रशिया पूर्ण सदस्य झाला आणि जी-७ चा जी-८ झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशियाने स्वतःच्या कर्जफेडीवर हात वर केले. अर्थव्यवस्थेच्या जोरावर मिळालेली ही जागा नव्हतीच. शीतयुद्धानंतर रशियाला जवळ ओढण्याचा तो राजकीय निर्णय होता. २०१४ मध्ये क्रिमिया गिळल्यावर तितक्याच राजकीय कारणाने त्याला बाहेर ठेवलं. उलट चीन ही जगातली दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था, पण ती आत नाही. इटली आणि कॅनडापेक्षा भारताचा जीडीपी आज मोठा आहे, तरी भारत जातो तो पाहुणा म्हणून.

मग जी-७ कधी वापरायची? श्रीमंत लोकशाही देश मिळून काय ठरवतात, म्हणजे निर्बंध, युक्रेनला मदत, हे तपासायचं असेल तेव्हा. ‘जगातले सात सर्वांत मोठे’ असं मात्र लिहू नका, ते चूक आहे.

जी-२०: मोठी, पण हिशेबाला अवघड

आशियाई आर्थिक संकटानंतर, १९९९ मध्ये, थायलंड-इंडोनेशिया-कोरियातली आग विझवायला सात श्रीमंत देश पुरत नाहीत हे लक्षात आलं आणि अर्थमंत्री व मध्यवर्ती बँकांच्या गव्हर्नरांचा हा गट जमला. पहिली बैठक त्या डिसेंबरमध्ये बर्लिनला झाली. राष्ट्रप्रमुख आले ते नोव्हेंबर २००८ मध्ये, अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाल्यावर, वॉशिंग्टनला. आपल्याकडे हे नाव घराघरांत पोचलं ते भारताच्या अध्यक्षपदात. मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर, गोवा अशा बैठका झाल्या आणि पाहुण्यांच्या वाटेवरच्या भिंती एका रात्रीत रंगल्या.

यादी बनवताना आकारासोबत खंडांचा समतोलही पाहिला गेला. त्यामुळे अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिका आत आहेत, पण त्यांच्याहून मोठ्या अर्थव्यवस्था असलेले स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्स बाहेर. स्पेनची गंमत वेगळीच: तो सदस्य नाही, तरी कायमचा निमंत्रित आहे आणि दरवर्षी खुर्ची अडवतोच.

इथे एक सापळा आहे आणि भलेभले त्यात अडकतात. जी-२० म्हणजे वीस देश नव्हेत. १९ देश, युरोपीय संघ आणि सप्टेंबर २०२३ च्या दिल्ली परिषदेपासून आफ्रिकी संघ. जर्मनी, फ्रान्स, इटली स्वतंत्रपणेही मोजले जातात आणि युरोपीय संघातही. दक्षिण आफ्रिकेचंही तसंच. त्यातच आफ्रिकी संघात ५५ सदस्य. तेव्हा ‘जी-२० चा वाटा जागतिक जीडीपीत ८५ टक्के’ हे वाक्य उचलण्याआधी तो आकडा आफ्रिकी संघ येण्यापूर्वीचा की नंतरचा ते पाहा. साध्या तक्त्यासाठी माझा सल्ला: १९ देशच घ्या आणि तसं स्पष्ट लिहा. कार्बन उत्सर्जन, जागतिक व्यापार, कर्जसंकट अशा विषयांना हीच यादी सगळ्यात योग्य.

ओईसीडी: अर्ज करून मिळणारं सदस्यत्व

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप उभा करायला अमेरिकेने दिलेली मार्शल योजनेची मदत वाटायला १९४८ मध्ये युरोपात एक संघटना उभी राहिली, तिच्यातून १९६१ मध्ये ओईसीडी, म्हणजे आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, आली. मुख्यालय पॅरिसला, सदस्य आज ३८. बाकी गटांत बोलावणं येतं. इथे समित्यांपुढे कायदे, करव्यवस्था, कामगार धोरण मांडून पास व्हावं लागतं. कोस्टा रिकाची प्रक्रिया २०१५ मध्ये सुरू झाली, सदस्यत्व २०२१ मध्ये मिळालं. मेक्सिको, तुर्की, कोलंबियाही सदस्य आहेत, त्यामुळे ‘ओईसीडी म्हणजे श्रीमंत’ हे समीकरण ढोबळच.

शिक्षण, आरोग्यखर्च, कर, पेन्शन यांची तुलना करायची तर मी डोळे मिटून ओईसीडी घेईन. एकाच व्याख्येने मोजलेले आकडे इतके दुसरीकडे मिळत नाहीत. भारत फक्त सहयोगी देश असल्याने आपल्या रकान्यात मात्र रिकाम्या जागा राहतील. ओईसीडी पंधरा वर्षांच्या मुलांची जी ‘पिसा’ चाचणी घेते, तीत एकदा हिमाचल प्रदेश आणि तामिळनाडू उतरले, निकाल तळाचा लागला आणि नंतर भारत त्या वाटेला फारसा गेलाच नाही.

ब्रिक्स: सरासरी काढू नका

‘ब्रिक’ (ब्राझील, रशिया, भारत, चीन) हे नाव २००१ मध्ये गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेच्या जिम ओ’नील यांनी गुंतवणूकदारांसाठी काढलं, देशांनी ते २००९ मध्ये येकातेरिनबुर्गला उचलून धरलं. दक्षिण आफ्रिका नंतर आली आणि ‘ब्रिक’चं ‘ब्रिक्स’ झालं. २०२४ मध्ये इजिप्त, इथिओपिया, इराण, अमिराती आणि २०२५ मध्ये इंडोनेशिया. अर्जेंटिनाला आमंत्रण होतं, पण सरकार बदललं आणि त्यांनी नाही म्हटलं. क्रयशक्तीनुसार, म्हणजे देशादेशांतल्या किमतींचा फरक धरून, हा गट जी-७ च्या पुढे आहे, बाजारभावातल्या डॉलरमध्ये मागे. कोणतं माप लावलं ते न सांगता या दोन्ही बातम्या छापल्या जातात. शिवाय अर्ध्याहून जास्त जीडीपी एकट्या चीनचा, त्यामुळे ‘ब्रिक्सची सरासरी’ म्हणजे बरीचशी चीनचीच कहाणी. सदस्य देश एकेक करून दाखवा.

आणि तुमचा प्रश्न खरं तर ‘विकसित देश कोण’ असा असेल, तर हे चारही गट बाजूला ठेवा. जागतिक बँक दर १ जुलैला दरडोई सकल राष्ट्रीय उत्पन्नावरून देशांचे वर्ग लावते. जुलै २०२५ च्या वर्गवारीत उच्च उत्पन्नाची रेषा १३,९३५ डॉलरच्या वर होती. भारत निम्न-मध्यम वर्गात आहे आणि त्या वर्गाची वरची मर्यादा तेव्हा ४,४९५ डॉलर होती. ‘विकसित भारत’वर लिहिणाऱ्याने आधी हा तक्ता उघडावा, जी-२० चा नंतर.