थिवी ते मडगाव, आठ महिन्यांनंतर: घड्याळ राहू द्या, क्रॉसिंग बघा

काय वापरलं: कोकण रेल्वेचा गोव्यातला भाग, त्यातही मुख्यतः थिवी (म्हापशाजवळचं स्थानक)–करमळी (पणजीजवळचं)–मडगाव, आणि वर सावंतवाडी, कुडाळ, मुंबई. जून ते जानेवारी, म्हणजे भर पाऊसही झाला आणि कोरडा हंगामही.

निकाल आधीच सांगून टाकतो. म्हापशाहून मडगावला रोज ठरलेल्या वेळी कामावर पोचायचं असेल तर ट्रेनच्या भरवशावर राहू नका. जुवारीचा नवा पूल झाल्यापासून बसही पूर्वीसारखी रखडत नाही. मडगावहून कुडाळ-कणकवली किंवा थेट मुंबई गाठायची असेल तर मात्र दुसरं काही शोधायची गरज नाही. एकाच गाडीबद्दल ही दोन टोकाची मतं का, तर लाईन एकेरी आहे.

रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग. त्यातलं दुहेरीकरण झालंय ते रोहा–वीर एवढंच, सुमारे ४७ किलोमीटर, २०२१ साली. गोव्यात दोन्ही बाजूंच्या गाड्या त्याच एका रुळावरून. दोन क्रॉसिंग स्थानकांमधल्या (जिथे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना वाट देतात) पट्ट्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, एका वेळी एकच गाडी. समजा तो पट्टा १५ किलोमीटरचा आहे आणि समोरची गाडी ताशी ७५ ने येतेय. ती नुकतीच पट्ट्यात शिरली असेल तर तुमची गाडी लूप लाईनवर, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, किमान १२ मिनिटं उभी. समोरची पूर्ण आत आली, ब्लॉक क्लिअर झाला, सांधे फिरले, सिग्नल पडला, मग तुमची हलणार. शिवाय लूपमध्ये शिरताना आणि निघताना वेग कमी ठेवावाच लागतो. एक क्रॉसिंग म्हणजे वीस मिनिटं सहज गेली. दोन लागोपाठ आली की वेळापत्रक पिशवीत घालून ठेवायचं.

थांबायचं कोणी, हे गाडीच्या मानावर ठरतं. वंदे भारत, राजधानी आधी, मग सुपरफास्ट, मग साधी एक्स्प्रेस, पॅसेंजर शेवटी. आणि जी गाडी आधीच उशिरा धावतेय तिचा ठरलेला रस्ता गेलेला असतो, म्हणून ती आणखी मागे पडत जाते. वेळेवर निघालेली पॅसेंजर आणि अर्धा तास उशिराची पॅसेंजर या दोन वेगळ्याच गाड्या समजा.

म्हणून घरातून निघण्याआधी हे करा. एनटीईएस (गाडी कुठे आहे ते दाखवणारं रेल्वेचं ॲप) उघडून आपली गाडी बघा. थिवीहून दक्षिणेला जायचं असेल तर ती कुडाळ-सावंतवाडीला किती उशिरा आहे ते पाहा. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि फसतात. पुढची पायरी महत्त्वाची: त्याच ॲपमध्ये ‘लाइव्ह स्टेशन’ला मडगाव आणि करमळी टाकून पुढच्या दोन तासांत समोरून काय येतंय ते बघा. मडगावहून वंदे भारत किंवा एखादी सुपरफास्ट नुकतीच सुटली असेल तर तुमची गाडी थिवीला किंवा अलीकडे कुठेतरी तिच्यासाठी थांबणार, हे धरून चाला. ॲप हे आधी सांगत नाही. ते गाडी थांबल्यावरच उशीर दाखवतं.

मडगावला संपणाऱ्या गाड्यांचा एक फायदा आहे. शेवटच्या टप्प्यात, करमळी ते मडगाव, वेळापत्रकात फुगवटा, म्हणजे जादा वेळ, ठेवलेला असतो. थिवीला वीस-पंचवीस मिनिटं उशिरा आलेली गाडी मडगावला जवळपास वेळेवर टेकते ती यामुळे. पुढे मंगळूर-केरळला जाणाऱ्या गाड्यांना गोव्यात हा फुगवटा मिळत नाही, त्यामुळे मडगावला उतरायचं असेल तरी पसंती इथेच संपणाऱ्या गाडीला द्या.

आता पावसाळा. पावसाळी वेळापत्रक पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. फरक किती पडतो तो मुंबई–मडगाव वंदे भारतवर बघा. कोरड्या हंगामात सीएसएमटी पहाटे ५.२५, मडगाव दुपारी १.१०, शुक्रवार सोडून रोज. पावसाळ्यात तीच ५.२५ ची गाडी मडगावला ३.३० ला, आणि आठवड्यातून तीनच दिवस. गाडी तीच आणि रूळही तेच, पण दोन तास वीस मिनिटं जास्त. काही गाड्यांच्या सुटण्याच्या वेळाही या काळात आधीच्या होतात. हंगाम बदलण्याच्या आठवड्यातलं तिकीट दोन महिने आधी काढलेलं असेल तर आदल्या दिवशी वेळ परत तपासा. 

मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं की लोको पायलटने वेग ४० वर आणायचा असा नियम आहे. दरडी आणि कटिंगमधून येणारी माती बघता तो योग्यच आहे, त्यावर चिडून उपयोग नाही. करमळीला कधी कधी बराच वेळ काही हलत नाही, त्याचं कारण पुलावरचा वारा असू शकतं. वारा मोजणारी यंत्रं चार ठिकाणी आहेत: रत्नागिरीजवळचा पानवल पूल, मांडवी, जुवारी आणि होन्नावरचा शरावती पूल. करमळी बरोबर मांडवी आणि जुवारीच्या मध्ये आहे. दोन्ही बाजूंना पूल, म्हणून वादळी दिवशी पणजीच्या माणसाने करमळीऐवजी बस धरलेली बरी.

चांगलं काय? विजेवरची गाडी. जून २०२२ मध्ये पूर्ण मार्गाचं विद्युतीकरण राष्ट्राला अर्पण झालं. लांब बोगद्यात खिडकीतून डिझेलचा धूर आत यायचा, डोळे चुरचुरायचे, ते बंद झालं. स्लीपरने जाणाऱ्याला हा बदल वंदे भारतच्या फिरत्या खुर्चीपेक्षा मोठा वाटेल.

तिकिटाबद्दल थोडक्यात. १२, २० किंवा २२ ने सुरू होणारा नंबर म्हणजे सुपरफास्ट. कोकणकन्याही आता २०१११ झाली आहे, त्यामुळे साध्या एक्स्प्रेसचं जनरल तिकीट तिला चालत नाही, वरचा अधिभार लागतो. पॅसेंजरचं तिकीट घेऊन समोर आलेल्या एक्स्प्रेसमध्ये उडी मारणाऱ्याला दंड ठरलेला. जनशताब्दीला तर जनरल डबाच नाही. मोबाईलवरचं पेपरलेस तिकीट स्थानकाच्या आवारात शिरण्याआधी काढा, रुळाजवळ ते निघत नाही. तिकिटावरचे किलोमीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसले तर ती छपाईची चूक नाही. या मार्गावर भाड्यासाठी अंतर वाढवून धरतात.

स्थानकातून बाहेर पडल्यावर खरा गोवा सुरू होतो. मडगावला कदंब बसस्टँड स्थानकापासून चालत जाण्यासारखं नाही, एकटे असाल तर पायलट (मोटारसायकल टॅक्सी) घ्या, भाडं बसण्याआधी बोला. करमळीहून जुने गोवेपर्यंत दोनेक किलोमीटर गेलात की पणजीची बस मिळते. थिवी सगळ्यांत अडचणीचं: दिवसा म्हापशाची बस असते, पण रात्री उशिरा उतरणाऱ्याने टॅक्सी आधीच सांगून ठेवावी. उशिराची गाडी आणखी उशिरा आली की ठरवलेला टॅक्सीवालाही कंटाळून जातो, त्याला कुडाळहून फोन करत राहा.

शेवटी पेडण्याचा बोगदा, कारण एकदा तरी तो आडवा येतोच. तिथली माती मऊ आणि पाणी धरणारी, बांधकामाच्या वेळीही ती ढासळत होती. ऑगस्ट २०२० मध्ये आतल्या भिंतीचा भाग पडला, जुलै २०२४ मध्ये पाणी आणि चिखल आत आला. अशा वेळी मुंबईच्या गाड्या पनवेल–पुणे–मिरज–लोंढा अशा वळवतात. त्या कुळ्याच्या घाटातून मडगावला येतात, म्हणजे पेडणे, थिवी, करमळी त्यांच्या वाटेत येतच नाहीत. ॲपवर गाडी ‘धावत आहे’ असंच दिसतं. ‘डायव्हर्टेड’ हा शब्द दिसला की थिवीच्या फलाटावर वाट बघू नका. मडगाव गाठता येत असेल तर तिथे जा, नसेल तर टीडीआर, म्हणजे तिकिटाचे पैसे परत मागण्याचा अर्ज, भरा. तुमचं स्थानक वगळलं गेलं तर पूर्ण पैसे परत मिळतात. तीन तासांपेक्षा जास्त उशीर असेल तरीही मिळतात, फक्त गाडी तुमच्या स्थानकावरून सुटण्याआधी टीडीआर भरलेला हवा.