आठ महिने रोज तुळस घेतली, काय फरक पडला ते सांगते

आधीच सांगते, मी वैद्य वगैरे काही नाही. माझा घसा म्हणजे कायमची कटकट, पावसाळा लागला की सकाळी उठल्या उठल्या खाकरणं, खवखव, वर कोरडा खोकला. गोळ्यांचा कंटाळा आला म्हणून जूनपासून तुळस सुरू केली, आता फेब्रुवारी आला.

पहिला महिना मी निव्वळ वेडेपणा केला. १५-२० पानं, आलं, मिरी, दालचिनी सगळं टाकून चार कपाचा एक कप होईपर्यंत खळाखळा उकळायचं आणि उपाशीपोटी प्यायचं, कारण जेवढं कडू तेवढं गुणकारी असं डोक्यात बसलेलंच असतं ना. दहाव्या दिवशी छातीत अशी जळजळ की रात्र दोन उशा पाठीशी घेऊन बसून काढली. आणि गंमत म्हणजे हे जुन्या लोकांना माहीत होतं! चरकसंहितेत तुळशीला सुरस म्हटलंय, उचकी, खोकला, दम यावर उपयोगी म्हणून सांगितलीय आणि तिथेच ती पित्त वाढवते हेही लिहिलंय. आपण फक्त पहिला अर्धा भाग फॉरवर्ड करतो.

मग आलं-मिरी बंद, पानं ५-६ च, आणि नाश्ता झाल्यावर. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करायचा, पानं बोटांनी जराशी चुरगाळून टाकायची आणि लगेच झाकण, सात-आठ मिनिटं. झाकण काढताना आतल्या बाजूला जे थेंब जमलेले असतात ना ते परत कपात झटकायचे, खरा वास त्यातच असतो. तुळशीला लवंगेसारखा वास येतो तो युजेनॉलमुळे, लवंगेतपण तेच असतं, आणि हे तेल वाफेबरोबर उडून जातं. म्हणजे महिनाभर मी किचन सुगंधी केलं आणि स्वतः कडू पाणी प्यायले 😄

फरक म्हणाल तर सकाळची खवखव बरीच कमी झाली, खोकल्याची ढास आली की गरम गरम घोटाने घसा मोकळा होतो. सर्दी मात्र दोनदा झालीच, तीपण नेहमीइतकीच दिवस राहिली, त्यामुळे इम्युनिटीच्या गप्पा मला विचारू नका. ताण, झोप याचं नक्की सांगता येत नाही, त्यावर अभ्यास झालेत पण छोटे छोटे, आणि माझी दुपारची कॉफी याच काळात सुटली, मग श्रेय कोणाला देणार. मध्ये तयार पावडर आणून बघितली, वाळल्या गवतासारखा वास, आठवड्यात ठेवून दिली.

काळी आणि हिरवी दोन्ही वापरल्या, काळी जास्त तिखट लागते. आणि हो, सब्जा या तुळशीचं बी नाही बरं का, ते दुसऱ्या जातीचं, त्यात गोंधळ नको.

एक गोष्ट मात्र सिरियसली घ्या. माझं बघून बाबांनी पण सुरू केली, ते रक्त पातळ राहायची गोळी घेतात. दात काढायच्या आधी डेंटिस्टने काय काय घेता विचारलं, तुळशीचं ऐकल्यावर आधी ती बंद करायला लावली, कारण तुळशीने रक्त गोठायला उशीर होऊ शकतो. शुगरची औषधं चालू असतील तरी विचारूनच घ्या, साखर आणखी उतरू शकते. गरोदरपणात तर स्वतःच्या मनाने नकोच.

झाडाचं म्हणाल तर मंजिरी आली की खुडत जा, नाहीतर सगळी ताकद बियांत जाते आणि पानं बारीक होतात. खुडल्यावर बोटं चिकट होतात आणि तो वास दोनदा हात धुतले तरी जात नाही, मला आवडतो. सध्या थंडीने झाड निम्मं झडलंय म्हणून पंधरा दिवस तोडणं बंद ठेवलंय, पण राहून गेलेल्या मंजिऱ्यांचं बी कुंडीत पडून बारकी बारकी रोपं वर आलीत, त्यातली चार वेगळी लावली.