जळवेमागे पैसे घेणाऱ्या घरपोच ‘वैद्या’पासून सावध राहा

माझे काका एस.टी.त वाहक होते. सगळी नोकरी उभ्याने झाली, डाव्या पायाच्या शिरा फुगल्या आणि घोट्याच्या आतल्या बाजूची जखम काही केल्या भरेना. बँकेबाहेर एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाने आपुलकीने चौकशी केली, ‘माझ्या आईला असेच होते, एका वैद्यांच्या हाताने गुण आला’ असे सांगून फोन नंबर दिला, आणि दुसऱ्याच दिवशी तो वैद्य घरी हजर झाला. तो गृहस्थ त्याचाच माणूस होता, याविषयी मला शंका नाही.

पायाला जळवा लावायच्या, एका जळवेला पाचशे रुपये, एवढेच ठरले होते. किती लावणार, हे बोलणे झालेच नाही. रक्त पिऊन टम्म फुगलेल्या जळवेच्या तोंडावर तो हळद टाकी, ती सुटली की वाटीत पिळून पुन्हा बरणीत टाकी, आणि थोड्या वेळाने तीच पुन्हा लावून नवी म्हणून मोजी. वाटीतले काळपट रक्त दाखवून ‘बघा, किती विष साचले होते’ असे तो काकूंना सांगत राहिला. वास्तविक शिरेतले रक्त निरोगी माणसाचेही गडदच असते, कारण त्यातला बराच प्राणवायू शरीराने वापरलेला असतो. या एका वाटीच्या जोरावर त्याने सत्तेचाळीस हजार रुपये नेले. त्याने सांगितलेल्याच दुकानातल्या भस्मांचे पैसे निराळे, आणि पावती कशाचीच नाही.

जळवेच्या लाळेतले हिरुडिन रक्त गोठू देत नाही, त्यामुळे पाय रात्रभर वाहत होता. पुढे तो लाल होऊन ताप चढला. जळवेच्या आतड्यात एरोमोनास नावाचे जिवाणू असतात आणि त्यांचा संसर्ग चिघळू शकतो, असे रुग्णालयात सांगण्यात आले. डॉप्लर तपासणीत, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, शिरांमधल्या झडपा निकामी झाल्याचे दिसले. झडप बंद होत नाही म्हणून रक्त खाली साचते. वरून कितीही रक्त काढले तरी ते पुन्हा तिथेच उतरणार.

आयुर्वेदातल्या सुश्रुतसंहितेने सविष आणि निर्विष अशा प्रत्येकी सहा प्रकारच्या जळवा सांगून त्या पारखून घ्यायला सांगितले आहे. त्या शास्त्राचे नाव घेऊन म्हाताऱ्या माणसाला असे लुबाडावे, याचा मला फार संताप येतो. जळवा लावून घ्यायच्याच असतील, तर आधी डॉप्लर करून घ्या, वैद्यांचा नोंदणी क्रमांक विचारा, एकूण खर्च लिहून घ्या आणि दुसऱ्याला लावलेली जळू अंगाला लावू देऊ नका. आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. तुमच्याकडेही असा कोणी येऊन गेला असेल, तर त्याचा फोन नंबर आणि दुकानाचा पत्ता जपून ठेवा आणि तक्रार द्या.