10 बाय 14 फुटांचं घरगुती वर्कशॉप: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

घरातली 10 बाय 14 फुटांची खोली सुतारकामासाठी मोकळी केली, त्याला नऊ महिने झाले. तेवढ्यात पुस्तकांची दोन कपाटं, एक पलंग, सहा स्टुलं आणि पुष्कळ किरकोळ कामं तिथून बाहेर पडली. एवढी खोली पुरते का? पुरते, पण मी सुरुवातीला मांडली होती तशी नाही.

पहिली मांडणी आलेखाच्या कागदावर केली होती. टेबल सॉ (टेबलात बसवलेली मोटरची करवत), थिकनेसर (फळी तासून एकसारख्या जाडीची करणारं मशीन), ड्रिल प्रेस (सरळ भोकं पाडायचं उभं मशीन), भुसा ओढायचं मशीन, कामाचं टेबल, प्रत्येकाचा चौकोन मापाने कापला आणि कागदावर सरकवत बसले. सगळं छान बसलं, वर मधे जागाही उरली. चूक तिथेच झाली. मशीन किती जागा अडवतं ते मी मोजलं, पण त्या मशीनमधून जाणाऱ्या लाकडाला पुढे-मागे किती जागा लागते ते मोजलंच नाही.

8 फुटांची फळी उभी चिरायची तर पात्याच्या अलीकडे 8 फूट हवेत आणि पलीकडेही 8 फूट. शिवाय मी उभी राहणार, तेही पात्याच्या रेषेत नाही तर थोडं बाजूला, कारण फळी अडकून मागे उसळली तर ती त्याच रेषेत येते. म्हणजे 17-18 फूट झाले. खोली 14 ची. पहिल्याच महिन्यात फळी निम्मी चिरून समोरच्या भिंतीला टेकली. मशीन बंद करून, पातं पूर्ण थांबेपर्यंत फळी तशीच धरून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी टेबल सॉ चाकांवर चढवला, कुलूप लागणाऱ्या चाकांवर. आता लांब फळी असेल तेव्हा तो दाराच्या समोर आणते, दार उघडं ठेवते आणि चिरलेली फळी दारातून बाहेर जाते. बाहेर तिला टेकायला एक स्टँड आहे. थिकनेसरलाही हीच युक्ती लागू पडते, फक्त तो तिरका करावा लागतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 17 फूट भरतात, त्यात 7 फुटांची फळी आरामात जाते.

पूर्ण प्लाय मात्र मी टेबल सॉवर चढवणं सोडून दिलं. 8 बाय 4 चा प्लाय बाहेर थर्मोकोलच्या जाड शीटवर पसरते, सरळ पट्टी क्लॅम्पने बांधते आणि हातातल्या सर्क्युलर सॉने आधी दोन तुकडे करते. नेमकं माप मग आत.

प्लायवरून छताची गोष्ट सांगायलाच हवी, कारण याचा विचार जवळपास कुणी करत नाही. माझं छत साडेआठ फुटांवर आहे, प्लाय 8 फुटांचा, तेव्हा तो उभा राहील असं मी गृहीत धरलं. उभा राहतोही. पण लांब कडेवर धरून आत आणलेला प्लाय तिथल्या तिथे फिरवून उभा करताना त्याचा कर्ण आडवा येतो, आणि तो 8 फूट 11 इंच भरतो. गिलाव्यावर अजून तो ओरखडा आहे. आता आधी जमिनीवर आडवा पसरते आणि मग लहान कड टेकवून दुसरं टोक उचलते. त्यासाठी 8 बाय 4 ची जमीन कायम मोकळी ठेवावी लागते. कागदावर ती जागा फुकट गेल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो. पलंगाची जोडणीही तिथेच झाली.

जोडणीला किती जागा लागते हे मला पहिल्या कपाटाने शिकवलं. तेव्हा कामाचं टेबल भिंतीला लावलेलं होतं. सहा फुटांचं कपाट त्यावर आडवं, सगळ्या सांध्यांना ग्लू लावलेला, आणि भिंतीकडच्या क्लॅम्पची मूठ फिरवायला हातच जाईना. ग्लू धरायला लागण्याआधी दहाएक मिनिटं मिळतात. मुलाला हाक मारून आम्ही सगळं कपाट पुढे ओढेपर्यंत ती संपली. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक सुताची, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाची, फट राहिली ती राहिलीच.

त्यानंतर टेबल खोलीच्या मधोमध आलं आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली. चारही बाजूंनी हात पोचतो. शिवाय ते टेबल सॉपेक्षा दोन सूत खाली ठेवलं आहे, त्यामुळे चिरून पुढे आलेला तुकडा सरळ त्याच्यावर सरकतो. सॉसाठी वेगळं टेबल लागलं नाही. माझ्या मते लहान खोलीतला सगळ्यात कामाचा बदल हाच. उंची 34 इंच आहे, हात खाली सोडला की माझ्या मनगटाशी येते, रंधा मारायला बरी पडते.

प्लग मी नेहमीच्या उंचीवर बसवून घेतले, ते चुकलं. भिंतीला टेकवलेला प्लाय त्यांना झाकून टाकतो. साडेचार फुटांवर हवेत. पॉलिश इथे करतच नाही. बारीक भुसा हवेत तासन्‌तास तरंगतो आणि ओल्या पॉलिशवर बसतो. पॉलिश बाहेर किंवा दुसऱ्या खोलीत.

एकट्या माणसाने फर्निचर करायचं तर 10 बाय 14 ठीक आहे. पूर्ण भिंतीची कपाटं वारंवार करणाऱ्याने मात्र यात पडू नये. आणखी जागा मिळणार असेल तर मी रुंदी आहे तेवढीच ठेवेन आणि सहा फूट लांबी मागेन. नवीन खोली ठरवणाऱ्यांनी कागदाऐवजी जमिनीवर खडूने मशीनं आखावीत आणि 8 फुटांची पट्टी हातात घेऊन प्रत्येक मशीनपाशी ती खरंच पुढे सरकवून बघावी. अर्ध्या तासाचं काम आहे.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही, उरलेल्या तुकड्यांचा. फळ्या भिंतीवरच्या ब्रॅकेटवर आडव्या राहतात, त्यांचा त्रास नाही. पण हात-दीड हाताचे तुकडे टाकवत नाहीत आणि नऊ महिन्यांत त्यांनी दारामागचा सगळा कोपरा खाल्ला. सध्या एक पेटी ठेवली आहे. ती भरली की त्यातलंच काहीतरी वापरायचं, तोवर नवीन फळी कापायची नाही, असं ठरवलं आहे.